ज्युरी की जज्ज

शारजा, गुरुवार, नोव्हेंबर १९९८

ह्यांना जाऊन वर्ष होत नाही तोच ह्यांच्या ऑफिसातला देसाई सांगत फिरतो, ऑफिसच्या तिजोरीतलं सोनं ह्यांनीच चोरलं. त्याच्यावर बदनामीची केस करायची म्हणून आज वकिलांकडे गेले. तिथले कारकून जोशी म्हणाले, "ताई, इथे ज्युरी नसते. एकटा जज्ज, तोही अरबीतून ऐकणार."

मी वाचलं होतं, काही देशांत बारा साधी माणसं निकाल देतात. पण इथे बारा कुठली आणायची? आमच्या इथल्या मराठी मंडळींतली? यंदा गणपतीत आरतीचं ताट माझ्याकडे आलं, तेव्हा देसाईवहिनी म्हणाल्या, "दक्षिणेवर लक्ष ठेवा गं." सगळ्या हसल्या. आमच्या घरी जेवून गेलेल्यासुद्धा हसल्या.

नकोच. ह्यांना न ओळखणारा जज्जच बरा.

केसच्या कागदावर सही केली. जोशी हळूच म्हणाले, "देसाई नेमकं काय बोलला, ते कोर्टात तुम्हालाच सांगावं लागेल."

म्हणजे ह्यांना चोर म्हणायचं ते आता मी, सगळ्यांदेखत.