माणिकरावांची डबी

निंबर्गा. सोमवार, ५ फेब्रुवारी १९७९

सगळ्यांच्या आधी गुरुबाईच आली! जीप शाळेपुढं थांबायच्या आत ही पदर सावरीत हजर. शेजारीण हाय, काय बोलावं. डॉक्टर गुलबर्ग्याचे, संगं नर्सअक्का. लेकरांच्या पोटातले जंत दुर्बिणीतून बघायलेत. माझा नातू माणिकराव तीन वर्षांचा, पोट मात्र पाटलाचं! डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली. दात खातो का, माती खातो का विचारलं. सून सत्यभामा व्हय म्हणाली. तिला कोण विचारलंतं? मी म्हणलं, माझं तूप अंगी लागायलंय. नर्सअक्कानं पत्र्याची डबी दिली. सकाळची शी, पेराएवढी, ह्यात घालून आणा म्हणाली. आमचाच पहिला नंबर येणार.

मंगळवार, सकाळी

माणिकरावांच्या शीत जंत. लांबडा, पांढरा, वळवळणारा. राख टाकून पुरला. सत्यभामाला दिसू दिला न्हाई. मी रोज सारवते, पाणी गाळते, आमच्या घरात हे कुठून? शिकल्या माणसांपुढं शोभा नको. गुरुबाईच्या मल्लूला मागंच जंताचं औषध झालंय. तो बसतो आमच्याच परसात. त्याचंच भरलं डबीत. डोकं चालतं माझं!

गुरुवार

पास! माणिकरावांच्या डबीत कायबी न्हाई. बाकीच्या लेकरांना औषध, आमच्याला गरजच न्हाई. डॉक्टर मात्र म्हणाले, अज्जी, पोट एक सांगायलंय अन् डबी दुसरंच, उद्या अजून एकदा द्या.

शुक्रवार

दिली. मल्लूचीच. पुन्हा पास! गूळ वाटला. गुरुबाई म्हणाली, परीक्षा लेकराची का तुझी गं चांगुणे? जळते मेली.

रविवार, दुपारी

माणिकराव पोट धरून रडायलेत. हिरवी उलटी. तूप जास्त झालं असंल. ओवा दिला. सत्यभामा गुलबर्ग्याला न्या म्हणून मागं लागलीय. उगं घाबरते. डॉक्टरांनी दोनदा बघितलंय की.

मंगळवार

काल गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. आतड्यात जंतांचा गोळा अडकला म्हणाले. सत्यभामा एकच बोलायलीती, आत्या, डबीत कायबी नव्हतं की हो. ऑपरेशन झालं. बाहेर आणलं तवा पोट सपाट होतं. माणिकराव उठले न्हाईत.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

जीप आली. नर्सअक्कानं विचारलं, माणिकराव कुठायत? गुरुबाईनं माझा हात धरला. मग तिनंच सांगितलं. डॉक्टर खाली बसले. दोन डब्या बघितल्या, मलाच कसं दिसलं न्हाई, माझंच चुकलं अज्जी, म्हणायले. मी तोंड उघडलं. च्या घेता का, एवढंच निघालं.

घेतला न्हाई. राहिलेल्या लेकरांसाठी सोमवारी परत येतो म्हणाले.