अर्डिथच्या शेवटच्या केगमधील गाळाविषयी

मी, वेंडेल स्ट्राउट, वय ८३, निवृत्त शिक्षक, राहणार मॉक्सी, याकिमा खोरे, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, स्वहस्ते, कोणाच्याही आग्रहावाचून लिहीत आहे. वाटणीपूर्वी एक दुरुस्ती. माझा मेहुणा ऑरिन गॅम्बल याने आमच्या घरगुती बिअर मंडळाच्या पत्रिकेत छापले आहे की, माझी दिवंगत पत्नी अर्डिथ हिचे ‘हात थकल्यामुळे’ तिच्या शेवटच्या बिअरमध्ये हॉप्सचा, म्हणजे बिअरला वास व कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, चोथा राहिला. हे धादांत असत्य आहे. तारखाही चुकीच्या आहेत.

१. घर व बागेतील छपरी कन्या कॉलीन हिला.

२. अर्डिथची बारीक जाळीची पोलादी नळीही कॉलीनला. हॉप्स नळीतच भरावेत. ती दोरीने केगच्या, म्हणजे बिअरच्या पिंपाच्या, झाकणाला आतून टांगावी. चौथ्या दिवशी काढावी. केग थंड ठेवून वरची नितळ बिअर दुसऱ्या केगमध्ये घ्यावी. आजारपणातही अर्डिथने यातील एकही पायरी वगळली नाही. गाठ मारायला तिला वेळ लागे, तरी तिने मला दोरीला हात लावू दिला नाही.

३. ही बिअर तिने स्वतःच्या स्मृतिभोजनासाठी केली होती. आदल्या दिवशी ऑरिनने केग उघडून त्यात हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या सुट्ट्या टाकल्या. भोजनाच्या वेळी तोटीतून आधी फेस फुरफुरला, मग शेवाळासारखा हिरवा लगदा आला. शेजारी लॉयल टिबेट्स म्हणाला, “वेंडेल, बिअर आहे का गोठ्यातलं पाणी?”

मी ऑरिनकडे पाहिले.

“दाजी, वास कमी वाटला हो. मूठभरच टाकल्या.”

“नळीत?”

“नळी कुठं शोधत बसू? विरघळतात की त्या!”

“विरघळत नाहीत, गाढवा. फुटून चोथा होतो.”

चाळीस माणसांनी तिच्या बिअरचे पेले गवतात ओतले. ते पेले मी धुतले. कडांना चिकटलेला तो बुळबुळीत थर नखाने खरवडावा लागला. उरलेला लगदा बरणीत घालून मी गोठवून ठेवला आहे. ती बरणी ऑरिनला द्यावी. अन्य काही देऊ नये.

४. माझ्या स्मृतिभोजनाची बिअर कॉलीनने करावी. ऑरिन येणार असल्यास केगला कुलूप घालावे.

५. सहीखालील तारखांची दुरुस्ती मंडळाने पत्रिकेत जशीच्या तशी छापावी.

आमच्यासमक्ष सही केली: लॉयल टिबेट्स, विल्मा ओस्टरगार्ड.
मॉक्सी, ९ ऑक्टोबर २०२३.
वेंडेल स्ट्राउट

दुरुस्त तारखा, सर्व २०१९ मधील:
बिअर शिजवली: ३० मार्च. १२ एप्रिल नव्हे.
नळी टांगली: १२ एप्रिल.
नळी काढली: १६ एप्रिल. पत्रिकेत ‘काढलीच नाही’.
नितळ बिअर दुसऱ्या केगमध्ये घेतली: २० एप्रिल, अर्डिथने.
अर्डिथचे निधन: ३ मे. १ मे नव्हे. सख्ख्या भावाला एवढे ठाऊक असावे.
ऑरिनने केग उघडला: १० मे. पत्रिकेत उल्लेख नाही. अर्डिथला जाऊन तेव्हा सात दिवस झाले होते.