सतरा नंबरचा खिळा

४ मे

...त्या सकाळी मी कोंबड्या सोडल्या, चुलीतली राख काढली आणि माझ्या नवऱ्याचे, क्लेमचे, शर्ट पिळून तारेवर टाकत होते. नदी चढत होती. पलीकडच्या मेंढ्या आणतो, असं ओरडून तो ट्रक घेऊन गेला. शर्ट वाळले. ट्रक सापडला, क्लेम सापडला नाही. त्याला दोन वर्षं झाली. पुरायलाच काही नव्हतं, म्हणून त्याच्या नावाचा दगडही कुठे नाही.

आज टारंबिलला बसमधून उतरले तेव्हा समोरच्या अंगणात शर्ट वाळत होते, म्हणून हे आठवलं. एरवी मन प्रसन्न होतं. इकडे मेमध्ये हिवाळा लागतो, थंडी अजून कोवळी आहे. मला मिळालेली खोपटी छोटी आहे, पण खिडकीतून टेकडी दिसते. इथल्या खाणीतलं सोनं संपून जमाना झाला. आता गाव खाण बघायला येणाऱ्या प्रवाशांवर जगतं. खाणीच्या तोंडाशी मला काम मिळालंय. व्यवस्थापक कीथ म्हणाला, एनिड, तू फार वाचतेस म्हणे, इथे वाचायला फक्त पाट्या आहेत हं.

६ मे

माझं मुख्य काम फळ्याचं. आत जाणारा प्रत्येक जण फळ्यावरचा एक पितळी बिल्ला काढून खिशात घालतो, बाहेर आला की परत टांगतो. बिल्ला खिळ्यावर असेल तर माणूस वर आला. खिळा रिकामा असेल तर माणूस अजून खाली आहे, आणि तोवर गेटला कुलूप लावायचं नाही. दीडशे वर्षांची रीत आहे, प्रवाशांनाही ती पाळावी लागते.

तिकिटाच्या खिडकीत डॉट अँगोव्ह बसते. ऐंशीची आहे, जन्म इथलाच. चहा पाजते आणि गावाची उणीदुणी काढते. क्लेमचं मी तिला सांगितलं. संध्याकाळी मात्र ती गेली की बोलायला कुणी उरत नाही.

९ मे

डॉट सर्दीने घरी आहे. वेळ होता म्हणून सगळे बिल्ले व्हिनेगर आणि मिठाने घासले. सतरा नंबरचा खिळा रिकामाच होता, पडलेल्या दातासारखा. आत तर कुणी नव्हतं, कुणीतरी बिल्ला हरवला असेल. टेबलाच्या खणात सतराचा जास्तीचा बिल्ला मिळाला. तोही घासून टांगला. आता फळा कसा भरलेला दिसतो.

१० मे

कपडे बदलायच्या खोलीत एक नवा माणूस बाकावर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. कीथ अधूनमधून जुन्या खाणकामगारांच्या वेशात नट आणतो, त्यातलाच असेल. वेश फारच हुबेहूब होता. मी चहा विचारला, त्याने मान वळवली नाही. गेल्यावर बाकावर पिवळा चिखल होता. पुसून घेतला.

१२ मे

एक बाई तक्रार करत आली. तुमच्या त्या नटाने माझ्या मुलीचा हात धरला, हात बर्फासारखा होता, आणि अंघोळ तरी घाला त्याला, म्हणाली. मी कीथला सांगितलं. तो म्हणाला, कुठला नट? तुझाच पगार मला जड जातोय.

त्या माणसाला मी आज गल्लीत पाहिलं होतं. एकेका घराच्या दाराशी उभा राहत होता. दार वाजवत नव्हता, नुसता उभा.

१३ मे

डॉट कामावर आली. फळ्याकडे बघितलं आणि खाली बसली. अगं पोरी, हे काय करून बसलीस, म्हणाली.

सतरा नंबर जाबेझचा, तिच्या चुलत्याचा. छत कोसळलं आणि तो आतच राहिला, काढता आला नाही. त्याच्या आईने तो खिळा कुणाला भरू दिला नाही. वर येईल तेव्हा तोच टांगेल, म्हणाली. ती गेली, तरी गावाने तो रिकामाच ठेवला, कुलूप लावताना तेवढा मोजायचा नाही. तू टांगलास, डॉट म्हणाली, म्हणजे तू त्याला सांगितलंस की बाबा, तू वर आलास.

उद्या भर उजेडात काढते म्हणाले.

१४ मे

भर दुपारी काढायला गेले. तो फळ्यासमोर उभा होता. बोटाने सतरा चाचपत होता, आपण खिसा चाचपतो तसा. मग वळला. चेहऱ्याच्या जागी माती होती, ठासून भरलेली. काहीतरी विचारत होता, आणि विचारताना ती माती गळून पडत होती —

मी पळाले. बिल्ला तसाच राहिला.

१५ मे

रडू येतंय ते भीतीने नाही. तो वर आला आणि त्याच्या दाराशी वाट बघायला कुणी नाही.

डॉटला विचारलं — फक्त खाणीतलेच येतात, की जे कधी सापडलेच नाहीत ते सगळे? तिने कप आपटला. क्लेमचं नावही काढू नकोस, म्हणाली. माणूस परत येत नाही गं. खाली जे उरलेलं असतं, ते येतं. मग ती स्वतः गेली आणि सतरा काढून आली.

गेला तो. बाकावर नुसता चिखल.

१६ मे

पूर ओसरल्यावर कुंपणात अडकलेल्या मेंढ्या मी ओढून काढल्या होत्या. नदी काय करते ते मला माहीत आहे. दोन वर्षं —

माहीत आहे. तरी —

१७ मे

सकाळी खाणीच्या दुकानातून कोरा बिल्ला घेतला, पोरांना आठवण म्हणून नाव ठोकून देतात तसला. त्यावर क्लेम ठोकलं. फळ्याच्या शेवटी नवा खिळा मारला आणि टांगला. गेट उघडं ठेवलं.

कीथ आतून ओरडतोय, एनिड, कोरड्या खाणीत हे पाणी कुठून —

मी टॉवेल घेतला, आणि दाराशी