गेटचा ओरखडा

आई, बाबा,

"बाबा, गाडीचं पॉलिश पुरे झालं हे तुम्हाला कळतं तरी कधी?" हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावलीय. तुम्ही घोरत होतात, म्हणून लिहून विचारतेय.

आज शाळेआधी तासभर गाडीच्या दारावर पॉलिशचा हात मीच फिरवला. ऊन आलं आणि अख्खं आभाळ दारात उतरलं. एक ढग हँडलपासून निघाला, रमतगमत मागच्या चाकापर्यंत गेला. मी फडकं धरून नुसती बघत बसले. दारावरच्या त्या ओरखड्यावरून जाताना तो जरासुद्धा अडखळला नाही. माझं नख मात्र अडकलं.

तुमच्याकडे पॉलिशला आलेल्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर नख अडकलं की तुम्हीच म्हणता, "थांब, आता घासशील तर रंग जाईल." मग आपल्याच गाडीला तीन महिने का घासताय? आईकडून आपल्या गेटला गाडी घासली, तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तुम्हाला वाटतं, ओरखडा गेला की ती परत चालवेल. तिला वाटतं, तुम्ही रोज तिची चूक उगाळताय. दोघंही हे मलाच सांगता, एकमेकांना नाही!

तर ऐका. गाडीचं पॉलिश पुरे झालं. ओरखडा राहणार. पॉलिशचं मशीन मी कपाटावर चढवलंय, चावी आईच्या पर्समध्ये आहे. संध्याकाळी मला आणायला आई गाडी चालवत येणार, बाबा शेजारी तोंड मिटून बसणार. मी शाळेच्या गेटपासून चांगली लांब उभी राहीन, काळजी नको. पण बसने येणार नाही, हे ठरलं.