बोलता बोलता बैठका

३ डिसेंबर १९९७

डॉक्टर सुनीतीबाईंनी आज यांना चांगलंच झापलं! चूक यांचीच. मार्केटात पोती वाहणारा गडी, त्यात साताऱ्याच्या तालमीत वाढलेला. एच.आय.व्ही. निघाल्यापासून घरी बसलेत. बाई म्हणाल्या होत्या, रोज थोडा व्यायाम करा — आजार जाणार नाही, पण अंगात ताकद राहील. 'थोडा' हा शब्द तालमीत कुणी ऐकलाय? फरशी घामानं ओली होईपर्यंत जोर मारले आणि तापानं फणफणले.

बाईंनी सांगितलं, "व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. बोलणं अडलं की थांबायचं." निघताना मला म्हणाल्या, "आणि मीनाताई, तुमची तपासणी?" मी म्हटलं, बघू, सध्या घरी पाहुणे आहेत. पाहुणे कसले!

१० डिसेंबर

ताप गेला. आता वस्ताद मी! समोर पाट टाकून बसते. बैठका मारायच्या आणि बोलत राहायचं. पण हा माणूस मुलखाचा घुम्या.

"काय बोलू?"

"काहीही."

"आज... बुधवार हाय."

संपलं!

१७ डिसेंबर

जीभ सुटली! आज कळलं, लग्नापासून यांना माझी भेंडी आवडत नाही. इतकी वर्षं गपगुमान गिळली! मी म्हटलं, थांबा, बैठकाच वाढवते. हसून हसून दोघांचीही मुरकुंडी वळली.

२६ डिसेंबर

नेरूळहून करावे गावापर्यंत पायी गेलो, बोंबील आणायला. वाटभर यांची बडबड, मासळीवालीसमोरही चालूच. शेवटी ती म्हणाली, "दादा, जरा गप ऱ्हा ना, भाव तरी आयका!" घरी येऊन चार भाकऱ्या खाल्ल्या. किती दिवसांनी!

२ जानेवारी १९९८

सकाळी बैठका चालू होत्या. कांद्याची आवक, मुकादमाची नक्कल, सगळं झालं. मग मध्येच म्हणाले, "मीना, माझं काय न्हाय गं. पर तुला दिलं आसंल तर? रोज त्येच डोक्यात येतंय." आणि बोलणं अडलं. दम लागला नव्हता.

मी हात धरून खाली बसवलं. मला भीती वाटते, फार वाटते. यांची भाकरी, यांचा ताप, यांच्या बैठका — त्यात दिवस बरा जातो, स्वतःकडे बघावं लागत नाही.

३ जानेवारी

रक्त देऊन आले. सुई मला टोचली, डोळे यांनी मिटले!

१२ जानेवारी

मलाही आहे.

दवाखान्यातच दोघं पोटभर रडलो. बाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या. पाणी प्यायले, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "बाई, साडीत बैठका जमतात का, की पंजाबी ड्रेस शिवून घेऊ?"