मामांच्या घड्याळातला द्रव स्फटिक

२ मे १९८२, रविवार
अक्काबाई आत्याने स्थळ आणलं. निफाडची चांगुणा, शाळेत शिक्षिका. पुढच्या रविवारी बघायला जायचं. आत्या म्हणाली, रंगनाथ, या वेळी जरा कमी बोल. आधीच्या स्थळांनी नकार दिला तो मी बोललो म्हणून नाही, त्यांना समजलं नाही म्हणून. संकल्प: सोपं करून सांगायचं.

३ मे
आनंदाने झोप नाही. फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर आहे, एवढं ऐकून कोणी भुलत नाही. प्रयोगच दाखवायचा. विषय ठरला: लिक्विड क्रिस्टल, म्हणजे द्रव स्फटिक. नव्या डिजिटल घड्याळांत असतो. पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे कण शाळेत प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे एकाच दिशेला तोंड करून असतात. तापवला की रांग मोडते, काच काळी, आकडे गायब. गार झाला की रांग परत, आकडे परत. हे पाहून कोण नाही म्हणेल?

५ मे, भर दुपार
माझा कॅल्क्युलेटर गच्चीतल्या पत्र्यावर ठेवला. काच काळी! घरात आणला, थोड्या वेळाने आकडे हजर. गच्चीत एकटाच नाचलो. अनवाणी होतो, पाय भाजले. शेजारच्या सुमनबाईंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. शास्त्रज्ञाला हे सोसावंच लागतं.

७ मे
आत्याकडून कळलं, मुलीचे मामा धोंडीराम यांच्याकडे डिजिटल घड्याळ आहे, मुलाने कुवेतहून पाठवलेलं. योग म्हणतात तो हाच. पत्रा बरोबर नेता येणार नाही, पण कांदेपोह्यांचं गरम पातेलं तर असणारच.

९ मे, निफाडहून परतताना, एसटीत
प्रयोग तत्त्वतः यशस्वी. मामांनी घड्याळ कौतुकाने काढून दिलं. ते पातेल्याच्या झाकणावर ठेवून बोलायला लागलो. बोलता बोलता काच काळी झाली. सगळे थक्क. मामा म्हणाले, आकडे कुठं गेले हो पाव्हणे? म्हटलं, कण बेशिस्त झालेत, येतील. पण मामांना दम निघेना. लय हौसेनं धाडलंय पोरानं, असं सारखं म्हणू लागले. म्हणून गार होण्याचा वेग वाढवणं भाग पडलं. कोपऱ्यात माठ होता. घड्याळ त्यात सोडलं.

वॉटरप्रूफ नव्हतं. हा बनवणाऱ्याचा दोष, सिद्धांताचा नाही. मामांनी माठात हात घालून ते काढलं, कानाशी हलवलं, बाहीवर पाणी सांडलं. म्हणाले, आता यांची रांग कधी लागायची? प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या उत्तम होता. त्यावर मी आणखी बराच वेळ बोललो.

चांगुणा सारा वेळ टक लावून बघत होती. जमलं.

११ मे
निरोप नाही. शिक्षिका विचारपूर्वक ठरवतात. लग्नानंतर दोघांनी मिळून लिक्विड क्रिस्टलवर मराठीत पुस्तक लिहायचं. मुखपृष्ठावर आधी तिचं नाव.

१३ मे
निरोप नाही. एसटी बंद असेल. स्टँडवर जाऊन विचारलं, चालू आहे. येताना शिंप्याकडे सूटचं माप देऊन आलो. शिंपी म्हणाला, तारीख कुठली? म्हटलं, कळवतो.

१६ मे, रविवार
आत्या निफाडला जाऊन आली. नकार.

म्हटलं, मामांना दुसरं घड्याळ आणून देतो. आत्या म्हणाली, घड्याळाचं कोणी मनावर घेतलेलं नाही, मामा तर गावभर सांगून हसतात. मुलगीच नको म्हणाली. म्हणाली, बघायला आलेला माणूस निदान नाव तरी विचारतो. मी समोर बसून वाट बघत होते, यांनी मला काही म्हणजे काही विचारलं नाही.

विचारलं होतं, असं लिहायला वही उघडली. नव्हतं विचारलं.

हे स्थळ मला मनापासून हवं होतं. फार वाईट वाटतंय. काच कुठल्या कडेने काळी पडायला लागली ते अजून डोळ्यांसमोर आहे. तिने कुठल्या रंगाचं पातळ नेसलं होतं ते आठवत नाही. चेहराही नीट आठवत नाही.