दादाच्या घरात भरलेली शाळा

भागवतदादा,

वहिनी गेल्यावर तू पुण्याला निघालास, तेव्हा चावी माझ्या हातात देऊन म्हणाला होतास, "शिल्पे, घर उघडू नको." ते मी उघडलंय.

एका रविवारी आपल्या शाळेचं छत कोसळलं. पोरं घरी होती म्हणून वाचली. मग ती पारावर उन्हात बसू लागली. वकार सर माझ्याकडं आले. "ताई, शाळा दुरुस्त होईस्तोवर दादाचं घर मिळंल का?" तू नाहीच म्हणशील असं वाटलं, म्हणून तुला विचारलंच नाही.

आता मोठी पोरं तुझ्या बैठकीत बसतात आणि पहिलीतली स्वयंपाकघरात. वहिनीचा फोटो भिंतीवरच आहे. तुम्हाला लेकरू झालं नाही, तरी ती गल्लीतली पोरं गोळा करून त्यांना भाकरी-गूळ खाऊ घालायची. मला ते रोज आठवतं.

काल तुझा फोन आला, तेव्हा मी तिथंच होते. तू विचारलंस, "गलका कशाचा चाललाय?"

"टीव्ही चालू हाय."

पोरं मोठ्यानं सतराचा पाढा म्हणत होती. मी बाहेर जाऊन बोलणार होते, तेवढ्यात तू म्हणालास, "थांब तिथंच."

पाढा संपेपर्यंत तू ऐकत राहिलास. मग म्हणालास, "स्वयंपाकघरातला माठ भरून ठेवत जा. लेकरांना लई तहान लागती."

तुला सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता टपालपेटीत टाकत नाही.

तुझी धाकटी,
शिल्पा